बजरंगभाऊंचा उजवा पाय

पांढरकवड्याला माझी बदली झाली तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती आणि वऱ्हाडी बोली कळत नव्हती. दोन्ही मला बजरंगभाऊंनी शिकवल्या. पहिल्याच दिवशी या दोन विषयांची टक्कर झाली आणि एक पानठेला थोडक्यात वाचला.

झालं असं, की मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते आणि नजर खाली गिअरवर होती. डावीकडच्या सीटवरून बजरंगभाऊ म्हणाले, "समोर पाय."

मी कराडची. मी पाय समोर केला. पायाखाली ॲक्सिलरेटर होता.

"मॅडम, समोर पाय म्हणलं ना. समोर पाय."

मी आणखी जोरात दाबला. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो त्यांनी दाबला आणि गाडी ठेल्याच्या हातभर अलीकडे थांबली. पानवाला आपलं स्टूल उचलून आधीच बाजूला झाला होता. बजरंगभाऊंची गाडी दिसली की तो तसं करतच असे.

बजरंगभाऊंनी गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "तू कुठली म्हणली होती?"

"कराडची."

"तरीच. आपल्याकडं 'पाय' म्हंजे बघ. आन पाय म्हंजे पायबी. कोणता कवा, ते माह्या आवाजावरून समजून घेजो."

समोरच्याला मॅडम किंवा सर म्हणायचं आणि क्रियापद मात्र एकेरी वापरायचं, ही त्यांची रीत. तालुक्याच्या मोठ्या साहेबीणबाई शिकायला आल्या तेव्हा त्यांनाही "मॅडम, क्लच हळू सोड ना, कायले जीव घेऊन राह्यली त्याचा" असंच म्हणाले. बाईंना राग आला नाही. बजरंगभाऊंचा राग कुणालाच येत नसे. बुटका, रुंद माणूस, मिशा रंगवलेल्या, शर्ट कायम चौकड्याचा. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला. कुणी घाईने वळण घेतलं की म्हणायचे, "घाई होती तं काल निघायचं होतं." मागच्या ट्रकने भोंगा वाजवला की खिडकीतून हात बाहेर काढून त्यालाही हेच ऐकवायचे.

नवरा कराडला, मुलगी पुण्यात शिकायला, आणि मी इथल्या बँकेत. बजरंगभाऊंच्या घरामागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या होत्या. त्यामुळे सकाळी गाडीत ते माझे सर आणि संध्याकाळी अंगणात घरमालक. घरमालक म्हणून त्यांचा अधिकार फारसा नव्हता. तो सुमनवहिनींकडे होता.

आता त्या पायाबद्दल.

बजरंगभाऊंचा उजवा पाय डाव्यापेक्षा एका मापाने लहान होता आणि त्याची बोटं आत वळलेली होती. नवे बूट घेतले की उजव्यात कापूस कोंबायचा. हे लहानपणापासूनचं, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण मी तिथे गेले त्याच्या थोडं आधीपासून पायात काहीतरी वेगळंच सुरू झालं होतं. कधी मुंग्या, कधी तळव्याला मिरची लावल्यासारखी आग, कधी भर मे महिन्यात बर्फात ठेवल्यासारखा गार. "आन कधी कधी तं कोणीच नाई," ते सांगायचे. "आवाज देल्ला तरी ओ देत नाई."

कंबर दुखायची, आणि त्याच्या जोडीला आणखी एक अडचण होती. ती त्यांनी आपल्या परीने अभ्यासक्रमातच बसवून टाकली होती. शिकवताना मध्येच म्हणायचे, "चाल, गाडी साइडले घ्यायची प्रॅक्टिस करू." मग आरसा, इंडिकेटर, हळूहळू डावीकडे, हँडब्रेक. गाडी थांबली की स्वतः उतरून बाभळीच्या आडोशाला जायचे. परत आले की, "छान घेतली. आता निघायची प्रॅक्टिस." तासाभराच्या शिकवणीत हा धडा इतक्यांदा व्हायचा, की त्यांचे विद्यार्थी बाकी कशात कच्चे राहोत, गाडी कडेला घेण्यात पटाईत. त्या माणसाला लघवी थांबवणं अवघड जातं हे मला कळायला बरेच दिवस लागले. मला खरंच वाटायचं, या परीक्षेत कडेला घेण्यालाच जास्त मार्क असावेत.

पायाचं कारण मात्र चौकात सगळ्यांना माहीत होतं. पानवाला म्हणाला, शुगर. शुगर तपासली, निघाली नाही. टायरवाला म्हणाला, नस दबली, आणि आपल्या हाताने ती मोकळी करायची तयारी दाखवली. कुणी म्हणालं, गॅस पायात उतरला. शाळेतल्या एका गुरुजींनी जीवनसत्त्वाच्या सुया सुचवल्या. त्या घेतल्या, आणि पायाच्या मुंग्या राहिल्या बाजूला, दंड दुखायला लागला. बजरंगभाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. उपाय नाही म्हणायला त्यांना जड जायचं, कारण सांगणारे बहुतेक त्यांचेच विद्यार्थी.

डॉक्टरकडे जायची वेळ आली ती फरशीवरच्या डागांमुळे. तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे.

रविवार होता. मी सुमनवहिनींकडे ताक मागायला गेले होते. बजरंगभाऊ बाहेरून आले, आत गेले, पुन्हा बाहेर आले आणि फरशीकडे बघत उभे राहिले. फरशीवर लाल डाग होते.

"सुमन, तुले लागलं काय कुठी?"

"मले? नाई तं."

"मॅडम, तुले?"

मी माझे पाय पाहिले. मला काही झालं नव्हतं.

"मंग हे रक्त कोणाचं हाय?" असं म्हणून ते डागांचा माग काढत स्वयंपाकघरात गेले. तिथून मागच्या दारी. तिथून पुन्हा बैठकीत. "मांजर असन," ते आतून म्हणाले. "कुठं तरी फाटलं असन बिचारीले. लय रक्त जाऊन राह्यलं, इकडं तं आणखी हाय."

सुमनवहिनी हातातलं ताकाचं भांडं तसंच धरून त्यांच्याकडे बघत होत्या. ते जिकडे जात होते तिकडे डाग वाढत होते. पलंगाखाली मांजर शोधायला ते गुडघ्यांवर बसले तेव्हा त्यांचा उजवा तळवा आमच्याकडे झाला. त्यात एक खिळा होता. चांगला डोक्यापर्यंत आत गेलेला.

"भेटली मांजर," वहिनी म्हणाल्या. "उठू नका आता."

त्यांनीच खिळा काढला. बजरंगभाऊ पालथे पडून विचारत होते, "निघाला काय?" निघून कापूस लावून झालेला होता. मग वळून त्यांनी तो खिळा हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"सकाळपासून असन हा," ते म्हणाले. "सकाळी मंडपवाल्याकडं गेलतो."

वहिनी त्यांना यवतमाळला घेऊन गेल्या. तिथे पायाला बारीक करंट देऊन नसांची तपासणी झाली. मशीन म्हणालं, पाय ठणठणीत आहे. यावर बजरंगभाऊ भयंकर चिडले. "त्या मशीनले म्हणा, एक दिवस माह्या बुटात राहून पाय." टाचणी टोचून "कळतं का?" विचारायचीही एक तपासणी होती. ती त्यांनी डोळे किलकिले करून, टाचणी कुठे जाते ते बघून उत्तरं देत पास केली. घरी येऊन ते त्यांनी फुशारकीने सांगितलं. वहिनींनी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांना नागपूरला नेलं.

नागपूरचा डॉक्टर तरुण होता. त्याने शर्ट काढायला सांगितला, पाठ वळवायला सांगितली आणि कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, त्याला केसांचा एक झुपका दिसला.

हा झुपका म्हणजे बजरंगभाऊंच्या आयुष्यातला मोठा मान. जन्मतःच तो होता. तो पाहूनच सुईणबाईंनी पोराला मारुतीचा अंश ठरवलं आणि आईने नाव ठेवलं बजरंग. गावात हनुमान जयंतीला या पोराला पारावर बसवत. परीक्षेला निघालेली मुलं त्याच्या पाठीला हात लावून जात. बजरंगभाऊ स्वतः मॅट्रिकला दोनदा बसले होते, पण त्याचा त्या झुपक्याशी कुणी संबंध लावला नाही.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरने विचारलं.

"ते मारुतीचं हाय," बजरंगभाऊ म्हणाले. "पायाचं पाय ना सर."

डॉक्टरने एमआरआय लिहून दिला. त्या नळकांड्यात पडून बाहेर आल्यावर तिथल्या माणसाला बजरंगभाऊंनी सांगितलं, की जुन्या इंजिनासारखे मशीनचे टॅपेट वाजतात, एकदा उघडून घ्या.

फोटो आले तेव्हा कळलं. माणसाच्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो, त्याचं खालचं टोक मोकळं असतं. माणूस वाकला, ताणला गेला तरी ते आतल्या आत हलतं. बजरंगभाऊंचं टोक जन्मापासून खाली चिकटलेलं होतं. बरोबर त्या झुपक्याच्या आत. तो केसांचा पुंजका म्हणजे आतल्या गडबडीची बाहेरची खूण होती. अंग वाढत गेलं, रज्जू ओढला जात राहिला.

"म्हंजे खुंट्याले बांधलेलं वासरू," बजरंगभाऊ म्हणाले. "ते वाढलं, पण दावं तेवढंच राह्यलं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाला.

"मंग सोडा ना ते दावं."

तिथे मात्र डॉक्टर सावध झाला. ऑपरेशन करता येतं, म्हणाला, पण नाजूक काम आहे. कंबर, लघवी, यांचा त्रास कमी होईल, निदान वाढणार नाही. पायाचं सांगता येत नाही. जन्मापासून बांधलेला रज्जू, मग पाय आताच का बिघडला? आणि नसांच्या तपासणीत काहीच का दिसत नाही? दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सगळं त्यामुळेच आहे. तिसरे म्हणाले, पायाचा आणि याचा काही संबंध नसावा. बजरंगभाऊ फोटोंची पिशवी घेऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे गाडीत बसले.

"तीन डॉक्टर, तीन रस्ते," मला म्हणाले. "अशा वक्ती गाडी उभी ठेवावी. समोर पाय."

मी समोर पाहिलं.

ऑपरेशनचा विषय असाच काही महिने उभा राहिला. त्यांची आई गावाहून आली तेव्हा तर तो जवळजवळ रद्दच झाला. ऑपरेशन करायचं म्हणजे तो झुपका भादरावा लागणार, आणि म्हातारीचं म्हणणं, की देवाने दिलेलं ते डॉक्टरने काढायचं नाही. बजरंगभाऊंनी तोच आधार धरला. कुणी विचारलं की सांगायचे, "माय नाई म्हणते." ऑपरेशनची आपल्याला भीती वाटते हे म्हणायला त्यांना आई फार उपयोगी पडली.

मग काजलचा प्रसंग घडला.

काजल कॉलेजात शिकणारी मुलगी, तिच्या वडिलांचं बसस्थानकासमोर मोबाइलचं दुकान. हात चांगला होता तिचा. त्या दिवशी ती केळापूरच्या रस्त्याने गाडी नेत होती, बजरंगभाऊ शेजारी. एका उभ्या ट्रकच्या मागून अचानक शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. बजरंगभाऊंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. काजलने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला तेव्हा थांबली. पुढची शेळी बंपरला टेकून उभी होती आणि तिच्यामागे ती हाकणारी म्हातारी. म्हातारीने गाडीच्या बॉनेटवर काठी आपटली, शेळ्या मोजल्या आणि निघून गेली.

काजल आनंदाने फुलली होती. "सर, तुम्ही मुद्दामच नाही ना दाबला ब्रेक? मी एकटीनं थांबवली."

तिच्याकडूनच बजरंगभाऊंनी गाडी घरापर्यंत आणवली. मी बँकेतून आले तेव्हा ते ओट्यावर बूट काढून बसले होते आणि हाताने उजवा पाय धरून बघत होते, कुणा दुसऱ्याचा असावा तसा.

"मी दाबला, मॅडम," ते म्हणाले. "मले पक्कं वाटलं दाबला म्हणून. खाली पायलं तं पाय तिथं नव्हताच. बाजूले पडून होता."

संध्याकाळी ते काजलच्या वडिलांच्या दुकानात गेले. मोबाइलला काच बसवायची होती म्हणून मीही बरोबर होते. तोवर काजलने घरी, मैत्रिणींत, सगळीकडे सांगून टाकलं होतं, की सरांनी माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले. वडिलांनी कौतुकाने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"परीक्षा नव्हती," बजरंगभाऊ उभ्यानेच म्हणाले. "माह्या पायानं दगा देल्ला. पोरीनं थांबवली गाडी. मी नाई."

"पण थांबली ना भाऊ? झालं मग. कायले मनावर घेता?"

"तिच्या जागी या मॅडम असत्या तं?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी काचेकडे पाहिलं. काजलच्या वडिलांना मुद्दा पटल्याचं दिसलं.

चहा आला, तो बजरंगभाऊंनी घेतला नाही. त्यांनी नाकारलेला चहा मी तेवढा एकच पाहिला. घरी येऊन त्यांनी गाडीच्या टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी काढली आणि पाण्याच्या टाकीमागे उभी करून ठेवली. मग आईला फोन लावला आणि म्हणाले, "माय, मी दवाखान्यात जाऊन राह्यलो. तू येजो, नाई तं नको येजो."

आई आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नागपूरला वॉर्डात मी भेटायला गेले होते, तेव्हाच पाठ भादरायला परिचारिका आली. म्हातारी मधे उभी राहिली. मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हणाली. डॉक्टर राउंडवर होतेच, ते आले.

"केस ठेवून नाई होत काय जी?" म्हातारीने विचारलं.

"नाही होत आजी. जखम बिघडेल."

"आन मंग पोरगं चालन?"

"आता चालतात त्यापेक्षा बिघडू नये म्हणूनच करतोय. पायाचं वचन देत नाही."

म्हातारीने पदर डोक्यावर घेतला, झुपक्याला हात लावला, तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला आणि बाजूला सरली.

"घ्या," ती म्हणाली. "मारुतीले केसायची कमी नाई."

बजरंगभाऊ पालथे होते, त्यांचं तोंड उशीत होतं. त्यांची पाठ हलताना दिसली. परिचारिका म्हणाली, "हसू नका, वस्तरा लागेल." ते हसतच होते असं मी खात्रीने सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी आत नेताना मात्र त्यांनी डॉक्टरांना ऐकवलंच, "सर, घाई तं नाई ना? घाई असन तं काल करायचं होतं."

ऑपरेशन नीट झालं. नंतर कित्येक दिवस त्यांना उताणं, सपाट पडून राहायचं होतं, मान उचलायचीही बंदी. माणूस छताकडे बघत पडलेला, पण कान उघडे. वॉर्डातून स्ट्रेचर जायला लागलं की चाकांच्या आवाजावरून ते सूचना द्यायचे. "डावीकडं काट. अजून. आता सरळ. पाठीमागं पाय, कोणी असन." सुरुवातीला वॉर्डबॉय वैतागले. निघायच्या वेळी त्यांच्यातल्या दोघांनी बजरंगभाऊंचा फोन नंबर घेतला, त्यांना गाडी शिकायची होती.

कंबरदुखी गेली. बाभळीच्या आडोशाला जाणं बरंच कमी झालं. पाय मात्र होता तसाच. मुंग्या आपल्या वेळेला यायच्या, मिरच्या आपल्या वेळेला, आणि बाकी वेळ कोणीच नाही. तपासणीला गेले तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "सर, दावं सुटलं तं पाय काहून नाई सुटला?"

तो तरुण डॉक्टर म्हणाला, "मला माहीत नाही. नसांचं झालेलं नुकसान जुनं असेल, किंवा पायाचं कारणच दुसरं असेल. तपासणीत काही सापडत नाही."

घरी येऊन बजरंगभाऊंनी हे मला दोनदा सांगितलं. "एवढा शिकलेला माणूस, मॅडम. सरळ म्हणते माहीत नाई. मले लय बरं वाटलं. आपल्या चौकात तसा एकबी नाई." तेव्हापासून कुणी पायाला काय झालं विचारलं की ते मोठ्या ऐटीत म्हणायचे, "माहीत नाई." पानवाल्याला ते उत्तर मुळीच आवडायचं नाही. तो अजून शुगरवर ठाम होता.

त्या पायाबरोबर राहायचे काही नियम वहिनींनी केले. अंघोळीचं पाणी आधी हाताने बघायचं. घरातही अनवाणी चालायचं नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तळवा वहिनींना दाखवायचा. बजरंगभाऊ काठी टेकत, कुरकुरत सगळं पाळायचे. एकच गोष्ट त्यांनी कुणी न सांगता स्वतः ठरवली होती. पायाखाली ब्रेक असेल त्या सीटवर ते पुन्हा बसले नाहीत. अंगणात गाडी उभी असायची. ते ती रोज पुसायचे, मागचं दार उघडून आत बसायचे आणि पेपर वाचायचे.

एक ओळखीचा ड्रायव्हर शिकवायला ठेवून पाहिला. तो अर्ध्या शिकवणीत फोनवर बोलायचा. मग एका संध्याकाळी तळवा बघता बघता वहिनी म्हणाल्या, "मी शिकवीन."

"तुले कुठी येते गाडी?"

"मंग आधी मले शिकवा."

बजरंगभाऊंनी तालुक्याला गाडी शिकवली होती, बायकोला नाही. कारण विचारलं तर सांगायचे, "गाडीत मी सर असतो. घरी कोण असतो ते तिले माहीत हाय." आता इलाज नव्हता. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. ते मागच्या सीटवर, वहिनी पुढे, आणि त्यांच्या शेजारी ब्रेकवर पाय ठेवून मी. मला परवाना मिळून बरेच दिवस झाले होते. तरी माझ्या पायावर विसंबून त्या कुटुंबाने बसावं याचं मला दडपण यायचं.

मागून सूचनांचा पाऊस. "क्लच. क्लच म्हणलं. अगं तो नाई. समोर पाय. मॅडम, तू पाय, ती पायत नाई." वहिनी एक शब्द बोलत नव्हत्या. पंधरवडाभर हे चाललं. मग एक दिवस त्यांनी मैदानाच्या मधोमध गाडी थांबवली आणि शांतपणे म्हणाल्या, "जरा खाली उतरा. मागचं चाक बसल्यासारखं वाटते."

बजरंगभाऊ काठी टेकत उतरले आणि वाकून चाक बघू लागले. वहिनींनी गिअर टाकला आणि गाडी मैदानाच्या फाटकातून बाहेर काढली.

मला काही सुचेना. "वहिनी, कुठे?"

"भाजी आणायची हाय," त्या म्हणाल्या.

बाजारापर्यंत त्या एकाही ठिकाणी चुकल्या नाहीत. गाडी कडेला लावली, आरसा बघून उतरल्या, वांगी घेतली, संभार, म्हणजे कोथिंबीर, घेतला, पालक जरा हलवून बघून नको म्हणाल्या. परत निघालो. मैदानात बजरंगभाऊ मधोमध काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, सोडून गेलो होतो तिथेच. गाडी त्यांच्या शेजारी अलगद थांबली. वहिनींनी काच खाली केली.

"झालं काय चिडून?"

त्यांनी गाडीभोवती पूर्ण फेरी मारली. कुठे खरचटलं नव्हतं. मग मागचं दार उघडून बसले, दुपट्ट्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "फाटकातून वळताना इंडिकेटर उशिरा देल्ला."

पुढे परवाने, परीक्षा, कागदपत्रं, अनुभवाची अट, जे काय असतं ते सगळं पुरं व्हायला बराच काळ गेला. एका सकाळी टाकीमागची पाटी धुऊन पुन्हा टपावर बसवली. आता डाव्या सीटवर सुमनवहिनी आणि शिकायला येणाऱ्यांत बायका जास्त. काही जणी आडबाजूच्या तांड्यांवरून स्कूटीने यायच्या. वहिनी त्यांना एकेरीत बोलत नसत, ओरडत नसत. बजरंगभाऊ मागे बसून यायचे, पण त्यांना बोलायला बंदी. बंदी ते कशीबशी पाळायचे. दुपट्ट्याचं टोक दातांत धरलेलं असायचं.

माझी बदली कराडच्या बाजूला झाली तेव्हा मी जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतलेली होती आणि तीच चालवत घरी जायचं ठरवलं होतं. मुक्काम करत जाणार होते, तरी नवऱ्याला फोनवर पटवायला आठवडा लागला होता. निघायच्या सकाळी बजरंगभाऊंनी टायरची हवा बघितली, ऑइल बघितलं, आणि न विचारता शेजारच्या सीटवर येऊन बसले. "हायवेपर्यंत येतो," म्हणाले. "सुमन मागून स्कूटीवर येते, मले घेऊन जाईन."

माझ्या गाडीला त्या बाजूला ब्रेक नव्हता. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि नीट मांडी घालून बसले. गावातून गाडी निघाली, बाजार गेला, बसस्थानक गेलं. समोर एक ट्रॅक्टर आडवा आला, मी थांबले, निघाले. ते बोलले नाहीत. मी एकदा चुकीच्या गिअरमध्ये चढ घेतला, इंजिन कण्हलं, मी दुरुस्त केलं. तेव्हाही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे चोरून पाहिलं. हात मांडीवर, नजर समोर, देवळात कीर्तनाला बसावं तसे.

हायवेच्या अलीकडे मी गाडी थांबवली. ते उतरले, खिडकीत वाकले.

"पोचली की फोन करजो," म्हणाले. "गाडी कशी चालली ते आधी सांगजो. तुह्या तब्येतीचं मंग."

मागे वहिनी स्कूटीवर थांबल्या होत्या. त्यांनी हात हलवला. मी निघाले आणि आरशात पाहिलं. बजरंगभाऊ स्कूटीवर वहिनींच्या मागे बसले होते आणि काहीतरी समजावून सांगत होते. मग बोलण्याच्या नादातच त्यांनी मागच्या वाहनांना कळावं म्हणून उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ लांब केला. स्कूटीचा डावीकडचा इंडिकेटर लुकलुकत होता. स्कूटी डावीकडे वळली, आणि हात तसाच उजवीकडे धरून ते दिसेनासे झाले.